नरसाळ्याचे तीन साक्षीदार

माणसाने खोटं खुशाल बोलावं, पण ते छापून येणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी. मला ही अक्कल सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली, आणि संध्याकाळी सहाला सासऱ्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं.

सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण समोरच्याची वही तपासत असल्यासारखं बघायची सवय काही गेलेली नाही. सव्वीस वर्षं खपून त्यांनी एक कोश रचला. 'हातातल्या वस्तूंचा कोश'. पक्कड, पळी, चाळण, करवत, उलथनं, माणूस हातात धरतो त्या प्रत्येक वस्तूचं नाव, त्याचे अर्थ आणि तो शब्द आला कुठून ते. एकेका शब्दाला एकेक कार्ड, आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत. सासूबाई म्हणतात, या घरात बुटांपेक्षा खोकी जास्त आली.

त्या दिवशी नऊ वाजता आमची प्रत घरी आली. बायकोने ती उघडली आणि तिचा आवाजच बदलला.

"अहो, ऐका ना. बाबांनी तुमचे आभार मानलेत!"

"माझे? कशाबद्दल?"

"'नरसाळं या शब्दाच्या उगमाची वाट ज्यांनी दाखवली, ते माझे जावई.' अख्ख्या पुस्तकात घरातल्या माणसांत फक्त तुमचे मानलेत. आईचेसुद्धा नाहीत!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडचं पळालेलं. मी पान दोनशे चौदा उघडलं. अर्थ ठीक होते. एक, तेल वगैरे बारीक तोंडाच्या भांड्यात ओतायचं, वर रुंद आणि खाली नळी असलेलं साधन. दोन, त्या आकाराचा भोंगा. तीन, चेष्टेत, ज्याच्या पोटात काही राहत नाही असा माणूस. वरून सांगावं, खालून गल्लीत. आणि त्याखाली काळ्या शाईत:

'पूर्वी नरसू नावाचा एक तेलविक्या होता. त्याचा हात थरथरे, तेल सांडे. त्याच्या साळू नावाच्या बायकोने पानाचा द्रोण करून त्याला बुडाशी भोक पाडलं. नरसूचं आणि साळूचं मिळून ते नरसाळं.'

हे मी रचलेलं. मीच. एका रविवारी, दात कोरता कोरता.

आता थोडं मागे जाणं भाग आहे. मी वजनमापं तपासायच्या ऑफिसात निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जायचं, तराजू बघायचे, लिटरची मापं भरून मोजायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. काम एवढं खरेपणाचं आहे, की उरलेल्या वेळात माणूस जरा खोडसाळ होणारच. एकदा मी इमारतीत कागद चिकटवला होता, 'उद्यापासून लिफ्टमध्ये चपला काढून चढावे.' चार दिवस प्रत्येक मजल्यावर चपलांचा ढीग. चौथ्या मजल्यावरचे काका तर आजही काढतात.

तर दोन वर्षांपूर्वी मास्तरांचं नरसाळ्यापाशी अडलं होतं. अर्थ तयार, उगम कोरा. दर रविवारी जेवताना तोच विषय. मी सहज म्हटलं, "मी शोधू का?" तर मास्तर ताटातून मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, तुमच्या तोंडून लग्नापासून एक खरा शब्द ऐकलेला नाही मी. तुम्ही भात घ्या."

मी भात घेतला. पण लागलं मला ते. पोटच्या पोरांसमोर लागलं.

मास्तरांचा एक नियम होता. कार्डावर काहीही चढायचं, तर तीन साक्षीदार हवेत. तिघं एकमेकांच्या घरचे नकोत आणि मास्तरांच्या नात्यातले तर मुळीच नकोत. प्रत्येकाला एकच प्रश्न, "असं असं तुम्ही ऐकलंय का?" हो म्हणाला की कार्डावर सही. मग मी काय केलं? आठवडाभर मापं तपासत फिरताना तेलवाल्याला नरसू-साळूची गोष्ट सांगितली. पत्रेवाल्यालाही सांगितली, हा पत्रा कापून डबे, झारे, नरसाळी बनवतो. दोघांनाही वर म्हटलं, "हे तर सगळ्यांना ठाऊक असतं." हातात सरकारी शिक्का असला की माणसं पटकन पटवून घेतात. पुढच्या रविवारी मास्तरांच्या कानावर घातलं, "बाजारात विचारून बघा." बेत असा, की त्यापुढच्या रविवारी सगळ्यांसमोर हसून फोड करायची. भाताचा हिशेब चुकता.

पण त्या रविवारी मास्तर दारातच उभे. डोळे चमकत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "जावईबापू," म्हणाले, "तीन साक्षीदार मिळाले."

मी दोघांनाच सांगितलं होतं. तिसरा कोण, हे विचारायचंही मला सुचलं नाही. तो हात पाठीवर इतका जड आणि ऊबदार होता, की म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. असे शंभरेक पुढचे रविवार गेले.

पुस्तक हातात घेऊन मी हा सगळा विचार करतोय, तोच फोन वाजला. मास्तर.

"प्रत मिळाली? बरं ऐका. बाईंचा निरोप आलाय. दोनशे चौदाव्या पानावर त्यांना प्रश्न विचारायचाय. भर सभेत!" आवाजात असा आनंद, जसा मुलगा पहिला आल्यावर बापाला होतो.

बाई म्हणजे प्रकाशनाच्या पाहुण्या. भाषेच्या प्राध्यापक. मागे त्यांनी एका कोशकाराला भर सभेत तीन प्रश्न विचारले. त्याने लिहिणं सोडून छत्र्यांचं दुकान टाकलं, आणि छत्री हा शब्द कुठून आला असं गिऱ्हाइकाने विचारलं तर तो दुकान बंद करून आत जातो.

माझ्या डोळ्यांसमोर मास्तर आले. स्टेजवर, नव्या पांढऱ्या शर्टात. सव्वीस वर्षांची खोकी मागे. आणि समोरून बाई विचारतायत, "हे नरसू-साळू कुठले?"

मी ठरवलं. खोटं निस्तरायचं, पण स्वतः न सापडता. तिन्ही साक्षीदारांनी जाऊन मास्तरांना सांगायचं, की आमची चूक झाली. नियमानुसार मास्तर आपणच मजकूर खोडतील. आभार राहतील, पाठीवरचा हातही राहील. धूर्तपणात मी कुणाला हार जाणारा नव्हे.

आधी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा. साहेबांनी अर्ज परत सरकवला. "कारण लिहा."

"घरगुती."

"घरगुती काय?"

"सासऱ्यांच्या पुस्तकात चूक आहे, सहाच्या आत काढायची आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मागच्या वेळी सासूबाई झाडावर अडकल्या होत्या."

"ते खोटं होतं साहेब. हे खरं आहे."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. अग्निशामक दलाचं पत्र आणतो म्हणालात."

शेवटी साहेबांनी रजा दिली, पण कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'अविश्वसनीय' असं लिहून. साडेदहा वाजले होते.

तेलवाल्याच्या दुकानासमोर पोचलो. भिंतीवर नवा रंग. त्यावर एक थरथरता म्हातारा, शेजारी बायको, तिच्या हातात द्रोण. खाली मोठ्या अक्षरांत: 'नरसूचे मूळ दुकान हेच'.

"या साहेब!" तेलवाला गल्ल्यावरून उठला. "बघितलंत? प्रकाशनाच्या मुहूर्तावर काढून घेतलं."

"अरे, पण नरसू तुझा कोण?"

"खापरपणजोबा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला लागतं? माझ्या बापाचा हात थरथरायचा, माझाही थरथरतो. हे बघा." त्याने हात पुढे केला. थरथरत होता खरा.

"हे बघ, ती गोष्ट खोटी आहे. मी रचलेली आहे."

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि मग पोट धरून हसला. "साहेब, तुम्ही म्हणजे ना! मागे म्हणालात लिटरचं माप आता चौकोनी येणार, मी दोन दिवस झोपलो नाही. या वेळेला नाही फसणार!"

मी शपथ घेतली तर त्याला आणखी हसू आलं. निघताना मात्र त्याचा चेहरा जरा कडक झाला. "तुम्हाला कुणी पाठवलंय ते कळलं मला. तो पत्रेवाला ना? म्हणतो, नरसाळं त्याच्या घराण्याने काढलं. सांगा त्याला, आज मास्तरांसमोरच निकाल लावतो."

पत्रेवाल्याकडे गेलो. तो दुकानासमोर बसून कात्रीने पत्रा कापत होता. त्याने मान वर न करताच सुरुवात केली. "द्रोण! पानाचा द्रोण! साहेब, तेल ओतायला पानाचा द्रोण चालेल? गळून जाईल सगळं. साळू आमच्या घरातली. माहेर तिचं पत्र्याच्या धंद्यातलं. तिने बापाकडून पत्र्याचं करून आणलं. ते तेलवाल्याने लपवलं."

"साळू कुणीच नव्हती रे!"

कात्री थांबली. "काय म्हणालात?"

"साळू नव्हती. नरसू नव्हता. मी रचलं सगळं."

पत्रेवाला सावकाश उठला. सहा फुटांचा माणूस, हातात पत्र्याची कात्री. "साहेब, तुम्ही शिक्का मारणारे, म्हणून ऐकून घेतो. आमच्या घरातल्या बाईबद्दल असं बोलू नका."

मी दोन पावलं मागे आलो. कात्रीचा विचार करता तीन. मागून तो ओरडला, "आज मास्तरांकडे येतोच! होऊन जाऊ दे!"

दोन साक्षीदार फोडायला गेलो आणि दोन दावेदार घेऊन परतलो. साडेबारा वाजून गेले होते. तिसरा साक्षीदार कोण, ते आता पुस्तकाच्या मागच्या यादीत बघितलं. चौथ्या मजल्यावरचे काका! तेच, लिफ्टमध्ये अजून चपला काढणारे. पोस्टमास्तर होते, आता निवृत्त.

काका अनवाणी दार उघडायला आले. त्यांना मी नरसू-साळूबद्दल चकार शब्द बोललेलो नव्हतो.

"काका, तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली?"

"आजीने," काका म्हणाले. "लहानपणी. मांडीवर घेऊन. नरसूचा हात कसा थरथरायचा ते करूनही दाखवायची."

क्षणभर खरोखरच शंका आली, की मी रचली ती गोष्ट मला आधीच कुणी सांगितली होती की काय.

"काका, नीट आठवा. बाजारात कुठे ऐकली नाहीत ना? तेलवाल्याकडे?"

"तेल आणायला जातो मी. तो सांगतही असेल. पण मला तर तो चेहरा दिसतो हो. आजीचा. कपाळावर कुंकू, हातात तेलाची बुधली. माझी आजी खोटं बोलेल?"

आता आजीला कोण खोटं पाडणार? मी हात जोडले. "काका, तुमची थोरली बहीण आहे ना? एवढं एकदा फोन करून विचारा, आजी ही गोष्ट सांगायची का."

"विचारीन सावकाश."

"सावकाश नको काका. आत्ता!"

"आत्ता ती झोपते," काका म्हणाले आणि दार लावलं.

जिन्यातच पहिल्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंनी गाठलं. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. नरसाळ्याचा तिसरा अर्थ मास्तरांनी आमच्या इमारतीवरूनच घेतला असावा. "कबूल अजिबात करायचं नाही," त्या म्हणाल्या. "लेखी तर नाहीच नाही." मागून त्यांचे यजमान म्हणाले, "मी म्हणतो, सभागृहाचा फ्यूज काढा." दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "आजारी पडा! सासऱ्याला पाडा म्हणत नाही मी, तुम्ही पडा!" एका मिनिटात तीन सल्ले. सगळे माझेच शिष्य.

सव्वादोनला छापखान्यात. बांधून तयार तीनशे प्रती, दोऱ्या घालून. छापखानेवाल्याच्या मागे पाटी: 'लेखकाच्या सहीशिवाय एक अक्षरही बदलले जाणार नाही'.

"एक चिठ्ठी छापून द्या," मी म्हटलं. "दोनशे चौदाव्या पानावर चिकटवायला. चार ओळी."

"अर्ध्या तासात देतो. लेखकाची सही आणा."

"लेखक माझे सासरे आहेत."

"मग तर सोपं आहे."

त्याचं लग्न झालेलं नसावं.

"त्यांना न कळवता नाही का होणार?"

"तुमच्या ऑफिसच्या शिक्क्याशिवाय माप चालतं का?" त्याने विचारलं. बावीस वर्षं मी लोकांना जे वाक्य ऐकवलं, ते तोंडावर ऐकून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. घड्याळात अडीच.

आता एकच वाट उरली होती आणि ती मास्तरांच्या घरी जात होती.

मास्तर टेबलाशी बसले होते. नवा पांढरा शर्ट अंगात. संध्याकाळी प्रतींवर सह्या करायच्या, म्हणून शाईच्या मोठ्या बाटलीतून छोट्या दौतीत शाई भरायचं चाललं होतं. दौतीवर बोटभर उंचीचं काचेचं नरसाळं.

"या या! हात थरथरतोय माझा," मास्तर हसून म्हणाले. "नरसूसारखा. तुम्ही ओता."

मी बाटली घेतली. नरसाळं दौतीच्या तोंडात घट्ट दाबून धरलं आणि ओतायला लागलो. शाई वर तुडुंब साचली, खाली थेंब उतरेना. गळ्यात शब्द अडकलेले, नरसाळ्यात शाई.

सासूबाई दारातून बघत होत्या. "अहो जावईबापू, थोडं वर उचला की. दाबून धरलंत तर आतली हवा कुठून बाहेर येणार?"

मी नरसाळं केसभर उचललं. बुडुक करून हवा निघाली, शाई सर्रकन खाली गेली, आणि तिच्याबरोबर माझंही सुटलं.

"मास्तर, ते खोटं आहे. नरसू आणि साळू. मी रचलं. भाताच्या रागात रचलं. तेलवाल्याला मीच पढवलं, पत्रेवाल्यालाही मीच. तुम्ही पाठीवर हात ठेवलात म्हणून सांगवलं नाही. दोन वर्षं नाही सांगवलं..."

"अहो, थांबा!" सासूबाई ओरडल्या.

मला वाटलं बोलणं थांबवायला सांगतायत. त्या ओतणं थांबवायला सांगत होत्या. दौत केव्हाच भरली होती. शाई टेबलावर पसरून, त्यावर वाकलेल्या मास्तरांच्या शर्टावर, छातीपासून पोटापर्यंत.

मास्तरांनी शर्टाकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाले, "साक्षीदार?"

"अं?"

"हे खोटं आहे असं तुम्ही म्हणता. याला साक्षीदार कोण? तुम्ही नात्यातले. तुमची साक्ष चालत नाही. आणि मुख्य म्हणजे जावईबापू, तुम्ही चेष्टा करता. आजच्या दिवशीसुद्धा." आवाज फाटला त्यांचा. "आज तरी नको होती करायला."

मी आयुष्यभर खोटं बोलून लोकांना पटवलं, आणि एकदा खरं बोललो तर पटवायला माणूस मिळेना. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, त्याही नात्यातल्या.

तेवढ्यात दारात आरडाओरडा. तेलवाला आणि पत्रेवाला, एकमेकांची कॉलर धरून.

"मास्तर, हा खोटारडा आहे! याची साळू खोटी!"

"याचा नरसू खोटा! मास्तर, लिहून घ्या!"

मास्तर हळूच उभे राहिले. शाळेत दोन पोरं भांडत आली की उभे राहायचे तसे. "दोघं सोडा एकमेकांना. तू सांग. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकलीस, ती कुणाकडून?"

तेलवाल्याने माझ्याकडे बोट केलं. "या साहेबांकडून. मापाला शिक्का मारताना."

"तू?"

पत्रेवाल्याचंही बोट माझ्याकडेच. "पण मास्तर, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, ऐकलंय का. कुणाकडून ऐकलं, ते कुठे विचारलंत?"

मास्तर मटकन खाली बसले. माझ्या कबुलीने जे झालं नव्हतं, ते या एका वाक्याने झालं. "सव्वीस वर्षं," ते पुटपुटले, "मी 'ऐकलंय का' एवढंच विचारत आलो." आणि त्यांची नजर कपाटावरच्या खोक्यांकडे गेली. एकामागून एक. सगळ्या खोक्यांकडे.

"खबरदार," सासूबाई पुढे झाल्या. "आज एक शब्द. बाकीची खोकी उद्यापासून."

"दोनच साक्षीदार झाले," मास्तर म्हणाले. नियम म्हणजे नियम. "तिसरा तुमच्या चौथ्या मजल्यावरचा. त्याने तर आजीकडून ऐकलंय."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. छापखाना, चिठ्ठ्या, चिकटवणं, सभा. मी जिन्याकडे धावलो आणि खालच्या पायरीवर काकांनाच धडकलो. ते धापा टाकत वर येत होते, चपला हातात.

"विचारलं का हो बहिणीला?"

काका सगळ्यांसमोर आले आणि खाली मान घालून म्हणाले, "ती म्हणाली, आजी तुझ्या जन्माआधीच गेली."

"मग ती मांडी?" मास्तरांनी विचारलं.

"तेच मलाही कळत नाहीये," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "चेहरा अजून दिसतो हो."

मास्तरांनी कागद ओढला. सांडलेल्या शाईतच टाक बुडवला आणि चार ओळी लिहिल्या. सही केली. मग त्यावर तिघांच्या सह्या घेतल्या.

चार वाजता छापखान्यातून चिठ्ठ्या निघाल्या. पावणेसहापर्यंत सभागृहाच्या मागच्या खोलीत आम्ही चिकटवत होतो. मी, बायको, सासूबाई, तेलवाला आणि पत्रेवाला. काका डिंक लावत होते. बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, "वाकडी लावू नका. ही तरी सरळ लावा." शेवटची प्रत झाली आणि मला आठवलं, बाईंची प्रत आठवड्यापूर्वीच गेलीय. त्यात चिठ्ठी नाही.

मास्तर स्टेजवर बसले, शाईच्या शर्टातच. दुसरा घालायला वेळ नव्हता. छातीवर भला मोठा निळा डाग. बाई उठल्या. काटकुळ्या, बारीक फ्रेमचा चष्मा. पुस्तक उघडलं.

"मास्तर, दोनशे चौदावं पान..."

"ते खोटं आहे बाई," मास्तर उभे राहून म्हणाले. "तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. नरसाळं या शब्दाचा उगम मला माहीत नाही."

बाईंनी पुस्तक मिटलं. "खोटं आहे हे मला पहिल्या वाचनातच कळलं. शब्द इतके गोड जन्माला येत नाहीत. माझा प्रश्न वेगळा होता. रचलं कुणी?"

मास्तरांनी बोट केलं. तिसऱ्या रांगेत, माझ्यावर. त्या दिवशीचं तिसरं बोट. "माझ्या जावयाने. आणि याला मात्र तीन साक्षीदार आहेत."

सभागृह हसलं. मी इतक्या लोकांना हसवलंय, पण माझ्यावर असं कुणी हसलं नव्हतं. कानाच्या पाळ्या जळत होत्या. खरं सांगतो, मी उठून जाणार होतो. पण मास्तरही हसत होते.

"मग खरा उगम काय?" मास्तरांनी बाईंनाच विचारलं.

"मलाही ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी स्टेजवर हे माझ्याआधी म्हणालं."

टाळ्या झाल्या. पण पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आलं, की भाषण कुणी ऐकतच नाहीये. खुर्च्याखुर्च्यांतून बारीक कुरकुर येतेय. जो तो नखाने दोनशे चौदाव्या पानावरची चिठ्ठी उचकटत होता. तीनशे प्रती, तीनशे नखं. खाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणाला चैन पडेना. सरळ लावलेल्या चिठ्ठ्या जास्तच सफाईने निघाल्या.

चिठ्ठीवर काय होतं ते सांगायचं राहिलं. 'या शब्दाचा छापलेला उगम खोटा असून तो माझ्या जावयाने रचलेला आहे. खरा उगम कोशकाराला माहीत नाही. साक्ष कुठून आली हे कोशकाराने विचारले नाही, ही चूक कोशकाराची. जावयाचे आभार मागे घेतलेले नाहीत.'

शेवटची ओळ मी चिकटवताना वाचली नव्हती. घाई होती. सगळे गेल्यावर, मोकळ्या खुर्चीत बसून वाचली.

मास्तर शेजारी येऊन बसले. खिशातून एक नवं कार्ड काढलं. वर लिहिलेलं: 'नरसाळं. उगम: ?' ते माझ्या हातात दिलं. "दुसऱ्या आवृत्तीपर्यंत," म्हणाले. "आणि विचारताना..."

"कुणाकडून ऐकलं, तेही विचारतो."

प्रतींवर सह्या करून शाईने माखलेला हात त्यांनी पाठीवर ठेवला. शाईचे पाच डाग उमटले. तो शर्ट मी धुतलेला नाही.

तेव्हापासून ते कार्ड माझ्या खिशात असतं. दुकानात माप तपासतो, शिक्का मारतो आणि कार्ड काढतो. लोकांना ही माझी नवी चेष्टा वाटते. परवा दुसऱ्या शहरातून बदलून आलेला एक नवा अधिकारी ऑफिसात भेटला. कार्ड बघून त्याचा चेहरा उजळला. "अहो, हे तर मला ठाऊक आहे! नरसू नावाचा एक तेलविक्या होता. आमची आजी सांगायची."

मी हसलो नाही. खुर्ची ओढली, पेनचं टोपण काढलं आणि कार्ड समोर ठेवलं.

"बसा," म्हटलं. "आजी कधी गेल्या? आणि तुमचा जन्म कधीचा?"